लॅपटॉपला ताप चढला!

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. इंदूरहून मावशीचा फोन आला. आवाज अगदी रडवेला.

‘‘अगं, माझा लॅपटॉप गेला गं! मिक्सरमध्ये चटणी वाटावी तसा आवाज करतो आणि वीज गेली की तासाभरात डोळे मिटतो. दुकानदार म्हणतो, मदरबोर्ड आणि बॅटरी दोन्ही गेलंय, १६ हजार लागतील. त्यापेक्षा नवीनच घ्या म्हणे. मोतीबिंदूसाठी ठेवलेली एफडी मोडू का?’’

काका गेल्यापासून मावशी घरबसल्या नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते. सात मुलं, संध्याकाळी ६ ते ८, सगळं लॅपटॉपवरून. उन्हाळ्यात नेमकी त्याच वेळेला वीज जायची. इंटरनेट मोबाइलवरून चालायचं, पण लॅपटॉपच मान टाकायचा आणि मुलं अर्ध्या गणितात लटकायची. दोन पालकांनी ‘पुढच्या महिन्याचं बघू’ असं सांगून टाकलं होतं. म्हणजे प्रश्न नुसत्या यंत्राचा नव्हता, मावशीच्या चरितार्थाचा होता.

मी म्हटलं, ‘‘एफडीला हात लावू नकोस. शनिवारी मी येते.’’

वाचकहो, आता तुम्ही म्हणाल, ही काय कॉम्प्युटर इंजिनिअर आहे का? मुळीच नाही. पण घरात कुणाला ताप आला की आपण आधी थर्मामीटर लावतो, मग डॉक्टरकडे जातो. लॅपटॉपचंही तेच आहे. थर्मामीटर न लावता थेट ऑपरेशनची तारीख घेऊ नये, इतकंच मला ठाऊक होतं.

दोन तक्रारी, मूळ एक

पंखा ओरडतो ही एक तक्रार आणि बॅटरी टिकत नाही ही दुसरी, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा या दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे उष्णता.

लॅपटॉपच्या पोटात प्रोसेसर नावाची चिप असते. ती जितकं जास्त काम करते तितकी तापते. तिच्यावर तांब्याची चपटी नळी बसवलेली असते. नळीत अगदी थोडा द्रव असतो. त्याची वाफ होऊन ती उष्णता दुसऱ्या टोकाला नेते. तिथे पातळ पत्र्यांची जाळी असते आणि पंखा त्या जाळीतून वारा सोडतो. चिप तापली की पंखा जोरात फिरतो आणि गार झाली की मंदावतो. तापमान १०० अंशांच्या आसपास गेलं तर चिप स्वतःच आपला वेग कमी करते. लॅपटॉप ‘अडकायला’ लागतो तो यामुळेच.

आता गंमत पाहा. चिप तापते म्हणजे ती वीज खात असते. पंखा स्वतः फारशी वीज खात नाही, तो फक्त ओरडून सांगत असतो की आत कुणीतरी अधाशासारखं जेवतंय. ते कोण, हे शोधलं की दोन्ही तक्रारींचा निम्मा उलगडा होतो.

त्याआधी आवाज नीट ऐका. वाऱ्याचा सूं-सूं आवाज येत असेल तर पंखा धडधाकट आहे, फक्त कामाला जुंपलेला आहे. खरखर, टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर पंख्याचं बेअरिंग झिजलेलं असू शकतं आणि तेव्हा पंखा बदलावाच लागतो. मावशीचा पंखा सूं-सूं करत होता. मला जरा धीर आला.

गादीवरची बैठक

मावशी दिवाणावर बसून शिकवायची. लॅपटॉप गादीवर, वर स्वच्छ चादर. बऱ्याच लॅपटॉपमध्ये हवा आत घेण्याच्या फटी तळाशी असतात. गादीवर ठेवलं की त्या बुजतात. म्हणजे भर उन्हाळ्यात एखाद्याचं नाक दाबून त्याला जिना चढायला लावण्यासारखं झालं. त्यात इंदूरचा एप्रिल! बहुतेक कंपन्या लॅपटॉप साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं सांगतात, आणि मावशीच्या खोलीत दुपारनंतर भिंतीसुद्धा तापलेल्या असायच्या.

मी देवघराजवळचा रिकामा पाट आणला आणि त्यावर लॅपटॉप ठेवला. तळाच्या रबरी बुटक्या पायांमुळे खाली बोटभर का होईना, जागा राहिली. दहा मिनिटांत आवाज थोडा उतरला. मावशी म्हणाली, ‘‘अगं बाई, याला पाटावर बसवायचं होतं होय!’’

कोण खातंय वीज?

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. विंडोजवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये त्यामुळे ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात ‘सीपीयू’ या शब्दावर क्लिक केलं की सर्वांत जास्त काम करणारे प्रोग्राम वर येतात. मॅकमध्ये हेच काम ‘अॅक्टिव्हिटी मॉनिटर’ करतो.

यादी बघून मी कपाळाला हात लावला. पहिला नंबर होता ‘तुमचा लॅपटॉप वेगवान करतो’ अशी ग्वाही देणाऱ्या एका फुकट प्रोग्रामचा. तो रात्रंदिवस आत काहीतरी तपासत बसला होता. दुसरा नंबर ब्राउझरचा. त्यात मावशीने ३७ पानं उघडी ठेवली होती, आमरसाच्या कृतीपासून पेन्शनच्या अर्जापर्यंत.

तिसरा चोर तर मजेदार निघाला. वर्ग घेताना मावशी आपल्या मागे पुस्तकांच्या कपाटाचं नकली चित्र लावायची. चेहरा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, हे कॅमेऱ्याच्या प्रत्येक चित्रात लॅपटॉपला नव्याने शोधावं लागतं. दोन तास हे चाललं की चिप तापणारच. पार्श्वभूमी धूसर करण्याची सोयही असंच काम वाढवते.

‘‘मावशी, खरं कपाट तर शेजारच्या खोलीत आहे!’’

‘‘ते पसरलंय गं,’’ ती ओशाळून म्हणाली.

तो फुकट प्रोग्राम काढून टाकला. लागतील तेवढी चार-पाच पानं ठेवून बाकीची बंद केली. नकली कपाट काढलं आणि मागे दोरीवर तिचीच एक इरकली साडी पडद्यासारखी टांगली. पडद्याचा प्रकाश, म्हणजे ‘ब्राइटनेस’, निम्म्यावर आणला. बॅटरी खाणाऱ्यांत स्क्रीनचा क्रमांक बराच वरचा असतो, हे आपण विसरतो.

टाकी आणि नळ

आता बॅटरीचा थर्मामीटर. तो विंडोजमध्येच असतो, पण दुकानदार सहसा दाखवत नाहीत. शोधण्याच्या चौकटीत ‘कमांड प्रॉम्प्ट’ लिहून ती काळी खिडकी उघडा. तिथे इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’ लिहा, म्हणजे पॉवर या शब्दाला जोडूनच सी, एफ, जी ही अक्षरं. मग एक जागा सोडून तिरपी रेघ, प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती. तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ हा सलग शब्द लिहा आणि एंटर दाबा. अहवाल तयार होतो आणि तो कुठे ठेवला आहे हेही तिथेच लिहून येतं. तो उघडला की दोन आकडे बघायचे. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवी असताना बॅटरी किती साठवायची, आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आज किती साठवते. मॅकमध्ये सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर ‘बॅटरी हेल्थ’ दिसतं.

मावशीच्या चार वर्षांच्या लॅपटॉपचा पहिला आकडा होता ४१ हजार मिलिवॅट-तास आणि दुसरा ३० हजारांच्या आसपास. म्हणजे बॅटरीत अजून ७३ टक्के जीव होता.

हिशेब गच्चीवरच्या टाकीसारखा आहे. टाकी थोडी लहान झाली होती, हे खरं. पण ३० वॅट-तासांची टाकी तासा-सव्वा तासात रिकामी होते म्हणजे नळ जवळजवळ २६ वॅटनी वाहत होता. नळ निम्म्याने बंद केला तर तीच टाकी दुप्पट वेळ पुरेल. नवी बॅटरी घेऊन नळ तसाच सोडला असता, तर मावशीला जेमतेम दीड तास मिळाला असता. वर्ग मात्र दोन तासांचा!

पोटातली धूळ

रविवारी मात्र डॉक्टर गाठला. ओळखीतून एक जुना कारागीर मिळाला. त्याने मावशीसमोरच लॅपटॉप उघडला, आधी बॅटरीची वायर सोडवली आणि मग पंखा काढून दाखवला. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये राखाडी धुळीची चक्क गादी जमली होती. त्याने ब्रशने आणि ब्लोअरने ती काढली. चिप आणि तांब्याची नळी यांच्यामधला लेप सुकून खडूसारखा झाला होता, तो पुसून नवा लावला. या लेपाला ‘थर्मल पेस्ट’ म्हणतात. एकूण खर्च ७०० रुपये. मदरबोर्ड? ‘‘त्याला काय झालंय?’’ त्याने उलट आम्हालाच विचारलं.

वॉरंटी शिल्लक असेल तर लॅपटॉप स्वतः उघडू नका, कंपनीच्या सेवा केंद्रातच न्या. वॉरंटी संपली असली तरी सवय नसेल तर स्क्रूड्रायव्हर लांबच ठेवा. घरी एवढंच करता येतं: लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, चार्जर काढायचा आणि बाहेरच्या फटींवरची धूळ मऊ ब्रशने झाडायची. फटीत जोरात हवा मारली तर पंखा भलत्याच वेगाने फिरून खराब होऊ शकतो.

जुनी शिकवण, नवी बॅटरी

मावशीची एक सवय मला सोडवावी लागली. ‘बॅटरी पूर्ण संपवूनच चार्जिंगला लावावी’ हे ती वर्षानुवर्षं पाळत आली होती. हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळचा. आपल्या लॅपटॉपमध्ये आणि मोबाइलमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी. ती १९९१ मध्ये सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली, आणि तिच्या जन्मदात्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या बॅटरीला शून्यावर जाणं आवडत नाही आणि कायम १०० टक्क्यांवर, तेही उकाड्यात, बसून राहणंही मानवत नाही. दिवसभर चार्जरला जोडलेला लॅपटॉप वापरत असाल, तर अनेक कंपन्यांनी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय दिलेली असते, ती चालू करा. वीज जाण्याच्या दिवसांत मात्र पूर्ण भरून ठेवणंच शहाणपणाचं. मावशीनेही उन्हाळ्यापुरतं तेच ठरवलं.

एक धोका मात्र हसण्यावारी नेऊ नका. लॅपटॉपचं बूड टेबलावर डगमगतंय, टचपॅड वर आलाय किंवा त्याचं बटण दाबलं जात नाही, झाकण नीट मिटत नाही, अशी लक्षणं दिसली तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. तिच्यात वायू साठलेला असतो आणि ती पेट घेऊ शकते. लॅपटॉप लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका, सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नसते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

सोमवारी संध्याकाळी वर्ग सुरू असताना सव्वासहाला वीज गेली. मावशीने माझ्याकडे बघितलं, मी घड्याळाकडे. आठ वाजता शेवटचं गणित सुटलं तेव्हा बॅटरीत २२ टक्के शिल्लक होते. पंखा फिरत होता, पण शेजारी बसूनही कान देऊन ऐकावा लागत होता. बॅटरी नव्यासारखी झाली असं मी म्हणणार नाही. वर्षा-दोन वर्षांत ती बदलावी लागेलच, आणि तेव्हा मावशी तिच्यासाठी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला काढते आहे. ते दोन पालक थांबले. एफडी मोडली नाही आणि जूनमध्ये मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही पार पडलं.

परवा फोनवर म्हणत होती, ‘‘आता फळा इतका स्वच्छ दिसतो गं, मुलांच्या चुकाच चुका दिसायला लागल्यात!’’

हे लक्षात ठेवा

• लॅपटॉप गादी, उशी किंवा मांडीवरच्या पांघरुणावर नको. पाट, टेबल किंवा जाड पुठ्ठा चालेल.

• पंखा ओरडू लागला की आधी टास्क मॅनेजर बघा आणि जास्त वीज खाणारं, नको असलेलं काम बंद करा.

• बॅटरी बदलण्याआधी अहवालातले दोन आकडे बघा. आजची क्षमता मूळ क्षमतेच्या निम्म्यावर आली असेल, तर बदलण्याचा विचार करायला हरकत नाही.

• नवी बॅटरी घेताना तिच्यावर बीआयएसचं चिन्ह आणि नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहा. फार स्वस्त आणि निनावी बॅटरी घेऊ नका.

• धूळ वर्षातून एकदा जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या, शक्यतो उन्हाळ्याआधी.

• ‘मदरबोर्ड गेला’ असं कुणी म्हणालं तर ‘कशावरून?’ असं विचारा, आणि पैसे देण्याआधी दुसऱ्या दुरुस्तीवाल्याचंही मत घ्या.