कमाई बाईची, वारसा सासरचा!

१ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी लावता येतात. ठेवीत कोणाला किती टक्के, हेही लिहिता येते. ठीक आहे. पण यामुळे आपल्या समाजातला एक जुना गैरसमज अधिकच घट्ट होणार, अशी आम्हाला भीती वाटते.

वाशिम, रिसोड, मानोरा या भागातली एखादी अंगणवाडी सेविका, नर्स किंवा शिक्षिका डोळ्यासमोर आणा. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, सासरच्यांनी केव्हाच घराबाहेर काढलेले. पोटाला चिमटा घेऊन तिने बँकेत ठेव ठेवली आणि नॉमिनी म्हणून भावाचे नाव लिहिले. आता ती निर्धास्त आहे. आपल्या माघारी पैसा भावाला मिळेल, असे तिला वाटते. प्रत्यक्षात काय होईल? बँक भावाच्या हाती पैसा देईल आणि मोकळी होईल. पण भाऊ त्या पैशाचा मालक होणार नाही! वारसांनी मागितला तर त्याला तो द्यावाच लागेल.

नॉमिनी म्हणजे बँकेकडून रक्कम स्वीकारणारा हात, एवढेच. सर्वोच्च न्यायालयाने बँक ठेवीबाबत हे २०१० साली सांगितले. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या मागे त्यांच्या गुंतवणुकीवरून वाद झाला. त्या प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये शेअर व म्युच्युअल फंडाबाबतही न्यायालयाने तेच म्हटले.

मग वारस कोण? हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी लागू झाला आणि १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी आपल्याला धम्मदीक्षा दिली. आपण हिंदू धर्म सोडला, पण वारशाच्या बाबतीत हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे बाईच्या मिळकतीवर पहिला हक्क मुलांचा व नवऱ्याचा. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांचा. तिचे आईबाप त्यांच्या मागे, भाऊ तर त्याहून मागे! आईबापाकडून वारशाने आलेली मालमत्ता, मूलबाळ नसेल तर, माहेरी परत जाते. पण स्वतः कमावलेली जात नाही.

हे कागदावरचेच नाही. १९५५ साली लग्न झालेल्या एका बाईचा नवरा तीन महिन्यांत सर्पदंशाने मेला. सासरच्यांनी तिला हाकलले. आईबापांनी शिकवले, ती नोकरीला लागली. १९९६ मध्ये ती मृत्युपत्र न करता वारली. बँकेतला पैसा व भविष्य निर्वाह निधी यांसाठी तिच्या आईने अर्ज केला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सहानुभूतीवर कायदा चालत नाही. पैसा सासरकडच्यांना गेला. ज्यांनी तिला एका रात्रीचाही आसरा दिला नाही, ते वारस!

हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली. नंतर आलेल्या कायद्याच्या कलम १४ ने स्त्रीला पूर्ण मालकी दिली खरी, पण पुढच्याच कलमाने ती मेल्यावर तिची कमाई सासरी पोचवली. विधी आयोगाने २००८ मध्येच दुरुस्ती सुचवली होती. सरकारे आली नि गेली, दुरुस्ती झाली नाही. आपल्या संघटनांनी तरी त्यासाठी किती मोर्चे काढले? नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिलांना आवाहन केले, की मृत्युपत्र करून ठेवा. म्हणजे कायदा सुधारेपर्यंत आपला बंदोबस्त आपणच करायचा.

तो अवघड नाही. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहावे, दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करावा, त्यांच्याही सह्या घ्याव्यात. ज्याला द्यायचे त्यालाच साक्षीदार करू नये, उगाच संशय येतो. नोंदणी केली तर उत्तमच, पुढे सही नाकारणे कठीण जाते. वाशिमसारख्या ठिकाणी प्रोबेटचीही सक्ती नाही. ठेवीबरोबर लॉकरचाही उल्लेख आवर्जून करावा. सक्सेशन सर्टिफिकेट ठेवी, शेअर अशा येण्यापुरते मिळते, लॉकरमधल्या पोतीसाठी आणि पाटल्यांसाठी ते कामाचे नाही.