नवा मासा, जुनी टाकी आणि तीस दिवसांची सबुरी

खाऱ्या पाण्यातील शोभेच्या माशांच्या व्यापारात अलीकडे आपले अनेक तरुण उतरले आहेत. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात हा धंदा जुना आहे, आणि चेन्नईचे कोळत्तूर तर शोभेच्या माशांसाठी देशभर ओळखले जाते. इंडोनेशिया, फिलिपाइन्स, श्रीलंका या देशांतून माल निघतो, विमानाने येतो आणि चार हात बदलून दुकानाच्या काचेत चमकू लागतो. २००३ साली 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट आल्यापासून तर लहान मूलसुद्धा दुकानात शिरून "निमो आहे का?" असे विचारते. गिऱ्हाईक आहे, मागणी आहे. मग या धंद्यात पडलेली माणसे दोन-चार वर्षांत कंटाळून बाहेर का पडतात? आमच्या मते याचे एक मोठे कारण रोग आहे, आणि रोगाचे कारण घाई आहे.

आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. थान, ताका आणि मीटर यांच्या हिशेबात आमची उमर गेली. माशांविषयी आम्ही का लिहावे, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर साधे आहे. माल कोणताही असो, बाहेरून आलेला माल जुन्या मालात मिसळण्याआधी वेगळा ठेवून तपासावा लागतो. लोकरी मालाच्या एका गठ्ठ्याला कसर लागलेली असेल आणि तो गठ्ठा तसाच गोदामात सरकवला, तर चांगल्या शालींचीही चाळण होते. कापडाची कसर निदान झटकून पाहिली तर दिसते. माशाच्या अंगातला रोग मात्र पहिले काही दिवस दिसतच नाही. म्हणून तिथे जास्त सावधगिरी हवी.

खाऱ्या पाण्यातील माशांचा सर्वांत प्रसिद्ध रोग म्हणजे पांढरे ठिपके. शास्त्रज्ञ त्या जंतूला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स म्हणतात. हा जंतू माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत शिरतो आणि साधारण ३ ते ७ दिवस तिथे पोसला जातो. मग तो माशाला सोडून खाली पडतो आणि वाळूवर, दगडावर किंवा काचेवर चिकटून स्वतःभोवती कवच तयार करतो. कवचाच्या आत त्याचे विभाजन होते आणि पुढे एका कवचातून शंभर-दोनशेपर्यंत नवी पिल्ले बाहेर पडतात. ही पिल्ले पोहत दुसरा मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. पण बंद टाकीत मासा न सापडायला जाणार कुठे?

यातली खरी फसवणूक लक्षात घ्यावी. जंतू मासा सोडून खाली उतरला की माशावरचे ठिपके नाहीसे होतात. दुकानदार म्हणतो, मासा बरा झाला. गिऱ्हाईक म्हणते, मासा साफ आहे, द्या. प्रत्यक्षात रोग गेलेला नसतो, तो तळाशी बसून वाढत असतो. कवचाची ही अवस्था बहुतेक वेळा ३ ते २८ दिवसांची असते, पण प्रयोगात ती ७२ दिवसांपर्यंत टिकलेली आढळली आहे. म्हणूनच ज्या टाकीत हा रोग एकदा शिरला, ती टाकी सुमारे अडीच महिने माशांविना रिकामी ठेवावी, असे जाणकार सांगतात. गिऱ्हाइकाला ही शिक्षा भोगावी लागते ती आपण विकलेल्या एका माशापायी.

दुसरा रोग याहून वाईट. त्याला मखमली रोग म्हणतात. जंतूचे नाव अमायलोऊडिनियम. माशाच्या अंगावर सोनेरी धूळ उडाल्यासारखी दिसते. पण तो आधी कल्ल्यांवर हल्ला करतो, त्यामुळे धूळ दिसेपर्यंत पुष्कळदा वेळ निघून गेलेली असते आणि दोन-चार दिवसांत टाकी ओस पडते. तिसरा ब्रुकलिनेला, ज्याचा त्रास क्लाऊनफिशला, म्हणजे मुलांच्या त्या निमोला, विशेष होतो. तिन्ही रोग नव्या माशाबरोबर पाहुणे म्हणून येतात आणि घरमालक होऊन बसतात.

यावर इलाज एकच आहे. ज्याला उर्दूत कर्नतीना आणि इंग्रजीत क्वारंटाईन म्हणतात, ते. हा शब्दच मुळी व्यापाऱ्यांच्या बंदरातून आला आहे. प्लेगच्या काळात व्हेनिसमध्ये परदेशी जहाजांना चाळीस दिवस बाहेर थांबवत, आणि त्यांच्या भाषेतल्या चाळीस या आकड्यावरून हा शब्द निघाला. व्हेनिसचे लोक अव्वल व्यापारी होते. जहाज थांबले की पैसा थांबतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळत होते. तरीही त्यांनी ते थांबवले.

आता ही व्यवस्था दुकानात कशी करावी? वेगळी टाकी असावी. तिच्यात वाळू नको, प्रवाळाचे दगड नकोत. माशाला लपायला प्लॅस्टिकच्या पाइपचे तुकडे पुरेत. स्पंजचा फिल्टर आधीच कित्येक दिवस चालवून तयार ठेवावा, नाहीतर अमोनिया वाढून मासा रोगाआधीच मरेल. जाळी, बादली, नळी सर्व काही या टाकीचे स्वतंत्र असावे, कारण ओल्या हातावरूनही रोग पसरतो. मासा इथे किमान ३० दिवस ठेवावा. तो खातो की नाही, श्वास जोरात घेतो का, अंग दगडाला घासतो का, हे रोज पाहावे.

औषध म्हणून तांबे वापरतात. साध्या आयनयुक्त तांब्याचे प्रमाण लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम असावे लागते. कमी पडले तर जंतू मरत नाही, जास्त झाले तर मासा मरतो. म्हणून अंदाजाने थेंब टाकू नयेत, टेस्ट किटने रोज मोजावे. बाजारात दुसऱ्या प्रकारची तांब्याची औषधेही मिळतात. त्यांचे प्रमाण वेगळे असते, ते बाटलीवर वाचूनच घ्यावे. तांबे फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारते. कातडीखालच्या किंवा कवचातल्या जंतूवर त्याचा काही जोर चालत नाही. म्हणून ठिपके गेले की औषध बंद करणे म्हणजे अर्धवट काम. ते किमान दोन-तीन आठवडे चालू राहिले पाहिजे. आणि तांबे कोळंबी, गोगलगाय व प्रवाळ यांच्यासाठी जहर आहे. ज्या टाकीत हे जीव आहेत तिथे औषध टाकताच येत नाही, म्हणून तर वेगळी टाकी लागते.

ज्यांना औषध नको, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. दर तीन दिवसांनी मासा नव्या, स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीत हलवायचा, असे चार वेळा. जंतू खाली पडतो, पण पिल्ले बाहेर पडण्याआधी मासा निघून गेलेला असतो. पांढऱ्या ठिपक्यांवर हा उपाय चालतो. मखमली रोगासाठी त्यावर भरवसा ठेवू नये.

दुकानदार बंधूंची एक अडचण आम्हांला ठाऊक आहे. पुष्कळ दुकानांत सगळ्या काचांतून एकाच टाकीचे पाणी फिरते. खर्च वाचतो, हे खरे. पण एका काचेतला आजारी मासा मग सगळ्या दुकानाला आजारी करतो. नवा माल त्या फिरत्या पाण्यात सोडू नये, एवढे पथ्य तरी पाळलेच पाहिजे.

दुसरी तक्रार अशी की महिनाभर भांडवल अडकते, आणि शेजारचा दुकानदार आज आलेला मासा आजच स्वस्तात विकतो. भांडवल अडकते हे मान्य. पण कापडबाजारात साठ-साठ, नव्वद-नव्वद दिवसांची उधारी आम्ही सहन करतो, आणि तो माल तर दुसऱ्याच्या दुकानात पडलेला असतो. इथे माल आपल्याच डोळ्यांसमोर, आपल्याच टाकीत आहे. स्वस्ताईचे म्हणाल, तर हिशेब मांडून पाहावा. समजा, पाचशे रुपयांच्या माशात शंभर रुपये सुटले आणि तो मासा गिऱ्हाइकाच्या वीस हजारांच्या माशांत रोग घेऊन गेला. ते गिऱ्हाईक पुन्हा येईल काय? ते टाकीच विकून टाकील, आणि दहा जणांना सांगेल की हा शौकच वाईट. शेजाऱ्याचा नव्हे, सगळ्या बाजाराचा ग्राहक बुडाला.

सरकारलाही ही गोष्ट ठोकर खाऊनच उमगली. १९९४-९५ मध्ये आंध्र प्रदेश आणि तामिळनाडूतील टायगर कोळंबीची शेते एका विषाणूने उजाड केली. पुढे २००९ मध्ये परदेशी व्हॅनामी कोळंबीला वाट मोकळी झाली ती अट घालूनच. आणलेली बीजकोळंबी चेन्नईच्या विलगीकरण केंद्रात राहून, तपासून निघाल्याशिवाय हॅचरीत जाणार नाही. आज आपल्या कोळंबीच्या निर्यातीचा मोठा भाग याच व्हॅनामीचा आहे.

"गेलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी आपल्या बाजारात फार झाली. मासा पिशवीत गेला की जबाबदारी संपली, ही समजूत धंद्याला बरकत देणार नाही. मालातला ऐब माहीत असून तो न सांगणे आणि ऐब शोधण्याची तसदीच न घेणे, या दोहोंत आम्हांला फारसा फरक दिसत नाही. त्याऐवजी दुकानावर दुसरी पाटी लावावी : मासा कोणत्या तारखेला आला, किती दिवस वेगळा ठेवला, कोणते औषध दिले, काय खातो. भाव दोनशे रुपये जास्त लावावा आणि का लावला ते सांगावे. समजदार गिऱ्हाईक तो खुशीने देईल. आणि ज्या दुकानात अजून अशी पाटी नाही, तिथून मासा नेणाऱ्या गिऱ्हाइकाला तरी एवढे अवश्य सांगावे की घरी गेल्यावर हा मासा तीस दिवस जुन्या माशांत सोडू नका. हे सांगायला भांडवल लागत नाही.