लखनौचा ज्येष्ठ आणि अमेरिकन व्ही-एट

मोटारशौकिनांच्या बैठकीत अमेरिकन व्ही-एट गाड्यांचा विषय निघाला, की त्यांच्या ताकदीची वाखाणणी होते न होते तोच ‘पण उन्हाळ्यात तापते हो’ ही पुरवणी जोडली जाते, आणि दोष कधी इंजिनाच्या, तर कधी लखनौच्या लूच्या पदरात टाकून विषय संपतो. हौशी माणसाला ती मुभा आहे. परंतु ज्यांच्या हाती लोक आपली गाडी विश्वासाने सोपवितात त्या आपल्या व्यवसायबंधूंना ती नाही. तापमापकाचा काटा का चढला याची शहानिशा केल्यावाचून ज्याने पाना हाती घेतला, त्याने गिऱ्हाइकाचा पैसा आणि इंजिनाचे आयुष्य ही दोन्ही पणाला लावली, असे आम्ही समजतो.

लखनौचाच दाखला घेण्यास कारण आहे. डेट्रॉइटातील उन्हाळी दुपार साधारण 28 अंश सेल्सिअसची धरली, तर लखनौत ज्येष्ठातील दुपार 45 अंशांपर्यंत जाते. आणि रेडिएटर जी उष्णता बाहेर टाकतो ती पाणी व हवा यांच्या तापमानांतील अंतराच्या प्रमाणात टाकत असल्यामुळे, 90 अंशांच्या पाण्याला तेथे 62 अंशांचे अंतर लाभते, येथे केवळ 45 अंशांचे. म्हणजे रेडिएटर नवाकोरा असला तरी त्याची चतुर्थांशाहून अधिक शक्ती हवेनेच हिरावून घेतलेली असते. त्याच्यापुढे वातानुकूलनाचा कंडेन्सर बसविला, की जी हवा त्याच्यापर्यंत पोहोचते ती आधीच तापलेली.

ही अडचण आजची नव्हे. 1928 साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीस जोडणीचा कारखाना काढला, पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यास डॉज, प्लिमथ व डीसोटो जोडल्या. अमेरिकन इंजिनांशी आपल्या मिस्त्रींचा परिचय इतका जुना आहे. फोर्डने 1932 साली काढलेले 65 अश्वशक्तीचे व्ही-एट ज्यांनी उघडून पाहिले असेल, त्यांना ठाऊक आहे की त्यात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बसविलेले असल्याने जळालेला वायू सिलिंडरांच्या मधून, पाण्याच्या पोकळीला चिकटून बाहेर काढावा लागतो, आणि मधल्या दोन सिलिंडरांना तर एकच वाट. एक्झॉस्टची धग अशी थेट पाण्यात उतरते. शिवाय त्या काळच्या रेडिएटरला दाबाचे झाकण नव्हते, त्यामुळे शंभर अंशांना पाणी उकळलेच. त्या रचनेत दोष होता हे आम्ही नाकारीत नाही. पण योग्य टायमिंग, स्वच्छ पोकळ्या आणि धडधाकट पंप एवढ्या तजविजीवर तीच इंजिने आपल्या देशात वर्षानुवर्षे चालली.

म्हणून मालकाला पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच, की काटा चढतो केव्हा? हजरतगंजच्या गर्दीत, गाडी उभी असताना चढत असेल, तर त्या वेळी सारी मदार पंख्यावर असते. तेव्हा पंख्याचा क्लच वा मोटर, बेल्टचा ताण, पंख्याभोवतीचे कडे जागेवर आहे की नाही, आणि रेडिएटरच्या कडेच्या फटींतून इंजिनाचीच गरम हवा पुन्हा पुढे येते काय, हे पाहावे. उलट, 302 किलोमीटरच्या आग्रा-लखनौ एक्सप्रेसवेवर वेगात असताना चढत असेल, तर तेथे हवा मुबलक मिळत असल्याने पंख्याची चौकशी व्यर्थ होय. अशा वेळी क्षारांनी चोंदलेल्या नळ्या, झिजलेला पंप, शोषणाने आत बसणारा खालचा होज, मागे पडलेले टायमिंग किंवा पातळ मिश्रण यांकडे वळावे. एवढा एक भेद ध्यानी ठेवला, तर निम्मा अनावश्यक खर्च टळेल.

थर्मोस्टॅट काढून फेकण्याची जी रूढी आपल्या धंद्यात उन्हाळा लागताच सुरू होते, तिचा आम्ही तीव्र निषेध करतो. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरचे तोंडही न पाहता इंजिनात परततो. तेच इंजिन पुढे लखनौच्या धुक्यातल्या जानेवारीत 7-8 अंशांच्या पहाटे थंडच धावते, तेलात पेट्रोल उतरते, सिलिंडर झिजतात. आणि ज्याने उन्हाळ्यात तो इलाज केला त्याचे नाव तोवर कोणाच्या स्मरणातही उरत नाही.

आता 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र आले आहे. इथेनॉलला जळण्यास हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर चालणाऱ्या कार्ब्युरेटरचे मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडते. जेट त्या मानाने मोठा करणे, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर नेऊन व्हेपर लॉक टाळणे आणि जुने रबर बदलणे, ही कामे आता अमेरिकन व्हिंटेज गाडी हाती घेताच करावीत. 2016 साली भारतात आलेल्या मस्टँगच्या पाच लिटरच्या इंजिनाची गोष्ट वेगळी. त्याचे कॉम्प्रेशन 11:1 असल्याने हलक्या ऑक्टेनचे पेट्रोल पडले, की संगणक नॉकिंग टाळण्यासाठी ठिणगी मागे ढकलतो, ताकद घटते व एक्झॉस्ट अधिक तापतो. तेथे रेडिएटर उतरविण्यापूर्वी टाकीत कोणते पेट्रोल आहे, याची खातरजमा करावी.

बोअरचे क्षारयुक्त पाणी मात्र कोणत्याच गाडीत घालू नये. शुद्ध पाणी व कूलंट, आणि ठरलेल्या दाबाचेच झाकण.

पुढील अंकापासून आम्ही एक नोंदतक्ता छापणार आहोत. त्यात बाहेरील हवा, रेडिएटरचा वरचा व खालचा होज यांची तापमाने, गाडीचा वेग आणि केलेली दुरुस्ती यांचे रकाने असतील. लखनौ, नागपूर, अकोला अशा तापणाऱ्या शहरांतील वाचकांनी आषाढ लागण्यापूर्वी तो भरून पाठवावा.