रेडी-टू-ईट जेवण किडनीच्या रुग्णाला चालेल का? लेबल अर्धंच उत्तर देतं

घरात किडनीचा आजार असलेलं कुणीतरी आहे, स्वयंपाकाला वेळ नाही आणि हातात दाल मखनीचं पाकीट आहे. वर मोठ्या अक्षरांत ‘हाय प्रोटीन’, ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’. मग द्यायला हरकत नाही?

थांबा, पाकीट उलटं करा. अशा रुग्णांच्या आहारात चार गोष्टी प्रामुख्याने बघतात: सोडियम, प्रोटीन, पोटॅशियम आणि फॉस्फरस. भारतात यातल्या पहिल्या दोघांचेच आकडे छापणं बंधनकारक आहे.

सोडियम: हिशोब पूर्ण पाकिटाचा करा

‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसभरात २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम पोटात जावं. म्हणजे साधारण ५ ग्रॅम, चमचाभर मीठ. लेबलवरचा आकडा मात्र अनेकदा १०० ग्रॅममागे असतो. समजा तो ४०० मिलीग्रॅम आहे आणि पाकीट ३०० ग्रॅमचं. पाकीट संपवलं की १,२०० मिलीग्रॅम. एकाच जेवणात दिवसाचा ६० टक्के कोटा संपला!

प्रोटीन: रुग्ण कोणत्या टप्प्यावर आहे?

डायलिसिस सुरू नसेल तर प्रोटीन बेतानं घ्यायला सांगतात. डायलिसिसवर असलेल्यांना उलट जास्त लागतं, कारण त्या प्रक्रियेत शरीरातलं काही प्रोटीन निघून जातं. म्हणजे एकाला चालणारं पाकीट दुसऱ्याला चालेलच असं नाही.

पोटॅशियम, फॉस्फरस: घटकांची यादी वाचा

आकडा छापलेला नाही म्हणजे प्रमाण शून्य, असं समजू नका. यादीत ‘फॉस्फेट’ हा शब्द किंवा आयएनएस ३३८ ते ३४१, ४५०, ४५१, ४५२ हे क्रमांक दिसले तर सावध व्हा. डाळीतल्या नैसर्गिक फॉस्फरसपेक्षा असा वरून घातलेला फॉस्फरस शरीरात कितीतरी जास्त शोषला जातो.

आयएनएस ५०८ म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ‘लो सोडियम’ पदार्थांत मिठाऐवजी हेच असू शकतं. घरी बटाटा उकडून पाणी फेकलं की पोटॅशियम कमी होतं. तयार भाजीत ती सोय नाही.

नियमांचं काय?

साखर, मीठ आणि संपृक्त फॅटची माहिती ठळक अक्षरांत देण्याच्या प्रस्तावाला एफएसएसएआयने जुलै २०२४ मध्ये मान्यता दिली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाकिटाच्या दर्शनी बाजूवरच्या लेबलबाबत तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. पण ही सगळी चर्चा साखर, मीठ आणि फॅटभोवतीच फिरते. अमेरिकेत पोटॅशियमचा आकडा द्यावाच लागतो. फॉस्फरसचा तिथेही बंधनकारक नाही.

तोवर एक सोपा उपाय: पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढा आणि ताज्या रक्ततपासणीच्या रिपोर्टसोबत डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवा. ‘चालेल का?’ याचं उरलेलं अर्धं उत्तर त्या रिपोर्टमध्ये असतं.