तुयेची चिप आणि मधला थर

पेडणे तालुक्यातील तुये येथील इलेक्ट्रॉनिक सिटीचा विषय निघाला की बोलणे जमीन, पाणी, वीज आणि नोकऱ्या यांपाशी येऊन थांबते. हे प्रश्न मोठे आहेतच. पण या उद्योगातले खरे ज्ञान कारखान्याच्या शेडमध्ये नसते. माझ्या मते पेडणे-डिचोलीच्या मुलांनी ते कंपायलरमध्ये शोधले पाहिजे. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये उतरवणारे हे सॉफ्टवेअर नसेल, तर उत्तमातली उत्तम चिपही पडून राहते.

समजा, १० संगणकभाषा आहेत आणि ६ प्रकारचे प्रोसेसर. प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र कंपायलर लिहायचा तर ६० लिहावे लागतील. पण सगळ्या भाषा आधी एका मधल्या रूपात आणल्या आणि तिथून प्रत्येक प्रोसेसरकडे वाट काढली, तर १६ भागांत काम होते. देवनागरीचा फाँट एकदा नीट बसवला की तो मराठीलाही चालतो आणि कोकणीलाही, तसेच हे. ही कल्पना १९५८ मध्येच ‘अंकोल’ या नावाने मांडली गेली होती. सर्व भाषा आणि सर्व यंत्रे एकाच वैश्विक भाषेत सामावण्याचा तो संकल्प कधी प्रत्यक्षात उतरला नाही. २००० मध्ये इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक, आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी विक्रम अडवे यांनी सुरू केलेल्या एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पाने हाव आवरली. मधले रूप यंत्राच्या जवळचे आणि साधे ठेवले. आज रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया या भाषा त्यावर उभ्या आहेत आणि मधल्या थरात केलेली एक सुधारणा सगळ्यांच्या पदरात पडते.

मधला थर खरोखर सगळ्यांचा असतो का, हा आक्षेप रास्त आहे. सी आणि सी++ यांच्या नियमांवरून एलएलव्हीएम असे धरून चालले होते की, बाहेर काहीच परिणाम न करणारे चक्र (लूप) कधीतरी संपतेच. रस्टमध्ये मात्र न संपणारे चक्र लिहिणे पूर्णपणे वैध आहे. परिणामी बरोबर लिहिलेला रस्ट प्रोग्रॅम चुकीचा उतरू लागला. २०२१ मध्ये, चक्र संपणे बंधनकारक आहे की नाही हे प्रत्येक भाषेने स्पष्ट सांगायचे, अशी सोय झाली तेव्हा हा पेच सुटला. मला यात रचनेचा पराभव दिसत नाही. जे गृहीत धरले होते ते उघड लिहावे लागले, आणि ते ओळखायला मधला थर आतून वाचलेली माणसे लागली.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: जीसीसी आणि एलएलव्हीएम हे कंपायलर फुकट मिळतात, मग आपल्या मुलांनी त्यात डोके का घालावे? नवा कंपायलर लिहा, असे मी म्हणतच नाही. आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ प्रोसेसरने रिस्क-फाइव्ह हा खुला आज्ञासंच घेतला, म्हणून तयार कंपायलर त्याच्या कामी आले. पण याच आज्ञासंचात चिप बनवणाऱ्याने स्वतःच्या खास आज्ञा घालाव्यात यासाठी जागा राखून ठेवलेली आहे. अशी आज्ञा घातली आणि ती कंपायलरला शिकवली नाही, तर ती हाताने लिहून घातल्याशिवाय कुठल्याही प्रोग्रॅममध्ये येत नाही. हे शिकवणे ज्याचे त्यालाच करावे लागते. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर आणि सहकाऱ्यांनी जीसीसीचे अंतरंग उलगडणाऱ्या कार्यशाळा घेऊन दाखवले की, एवढा अवाढव्य कंपायलरही पायरीपायरीने शिकवता येतो. त्या धर्तीचा अभ्यासक्रम फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात हवा आणि डिचोलीच्या सरकारी तंत्रनिकेतनातही हवा.

तालुक्याच्या मुलांना हे झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी सुरुवात किती लहान असू शकते ते पाहावे. रिस्क-फाइव्हच्या मूळ ३२ बिटी संचात ४० आज्ञा आहेत आणि त्यांत गुणाकार नाही. विद्यार्थ्याने सी भाषेत एका संख्येला १० ने गुणणारी एक ओळ लिहावी, या संचासाठी कंपाइल करावी आणि बाहेर आलेल्या आज्ञा वाचाव्यात. तिथे गुणाकार दिसत नाही. संख्या दोन घरे डावीकडे सरकते, तिच्यात मूळ संख्या मिळवली जाते आणि बेरीज आणखी एक घर सरकते. हे कोणी ठरवले, कोणत्या थरात ठरवले, हा प्रश्न पहिल्याच तासाला विचारता येतो. उत्तर ज्या फाइलीत आहे, ती उघडायला कोणाचीच परवानगी लागत नाही.