हत्तीचे कातडे पांघरलेले मांजर

पोळ्याला मुलांच्या हाती येणारा लाकडी बैल पाहा. पायांखाली चाके, अंगावर केस नाहीत, डोळा म्हणजे रंगाचा एक ठिपका. तरीही नुकते बोलू लागलेले मूल त्याला बैलच म्हणते. गाडी म्हणत नाही. ही ओळख यंत्राला साधते काय, हा प्रश्न आता नुसत्या गमतीचा राहिलेला नाही. चित्रांना नावे देण्याचे व ती शोधून काढण्याचे काम आपण हळूहळू संगणकाकडे सोपवीत आहोत.

संगणकाचे हे शिक्षण मुख्यतः छायाचित्रांवर झाले. ‘इमेजनेट’ हा विख्यात संग्रह २००९ सालचा. त्यातल्या एक हजार प्रकारच्या, बारा लाखांवर छायाचित्रांवर पुढची यंत्रे घडली. छायाचित्रांत ती हुशार निघाली. पण २०१९ साली जर्मनीतील ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी त्यांना एक विलक्षण चित्र दाखविले: आकार मांजराचा, कातडी हत्तीची. माणसे म्हणाली, मांजर. यंत्र म्हणाले, हत्ती! यंत्र बाह्याकृतीपेक्षा पोतावर अधिक विसंबते, हे त्यातून उघड झाले.

आता आपल्या शेजारी या. बालाघाट आणि मंडला या दोन जिल्ह्यांत कान्हाचे जंगल पसरले आहे; त्यापलीकडे डिंडोरीतले पाटनगढ हे परधान गोंड चित्रकारांचे गाव. १९८२ साली भोपाळला उभ्या राहिलेल्या भारत भवनामुळे तेथील जनगढसिंह श्याम यांची चित्रे जगापुढे आली. या चित्रशैलीचा प्राण तिच्या भरावात आहे. ठिपके, बारीक रेघा, माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. प्रत्येक चित्रकाराचा भराव त्याच्या सहीसारखा वेगळा. म्हणजे हरणाच्या अंगावर हरणाची कातडी नाहीच! शिंगांना फांद्या फुटतात, फांद्यांवर पाखरे बसतात. पोतावरून ओळख पटविणाऱ्या यंत्राला याहून अवघड परीक्षा कोणती? आणि ते चुकले, तर दोष चित्रकाराचा खास नव्हे.

कोणी म्हणेल, यंत्रे सुधारत आहेत. खरे आहे. चित्रे आणि त्यांखालचा मजकूर अशा चाळीस कोटी जोड्यांवर शिकलेले ‘क्लिप’ २०२१ साली आले. नुसत्या रेखाटनांच्या कसोटीत जुन्या धर्तीच्या यंत्राला सुमारे २५ टक्के गुण मिळाले, तर क्लिपला ६०. छायाचित्रांत मात्र दोघे बरोबरीचे होते. ही प्रगती मी नाकारीत नाही. पण क्लिप शिकले ते महाजालावरच्या मजकुरातून, आणि तेथे गोंड चित्राखाली बहुधा काय लिहिलेले असते? ‘आदिवासी कला’! एवढे लिहिले की लिहिणाऱ्याचे काम संपते. चित्रातला वृक्ष कोणता, देव कोणता, कथा कोणती, हे लिहिण्याची तसदी कोण घेतो?

माझा खरा आक्षेप याहून पुढचा आहे. पाटनगढचेच भज्जू श्याम लंडनला जाऊन आले आणि त्यांनी ‘द लंडन जंगल बुक’ हे पुस्तक चितारले (२००४). त्यात बिग बेनचे घड्याळ आणि कोंबडा एकरूप झाले आहेत. वेळ सांगणारे दोघेही! परीक्षक यंत्राला विचारणार, हे काय? घड्याळ म्हटले तरी अर्धे चूक, कोंबडा म्हटले तरी अर्धे चूक. उत्तराला एकच रकाना ठेवणाऱ्या परीक्षेतच खोट आहे. मग यंत्राला किती गुण पडले याचे कौतुक कशाला?

आपल्या महाविद्यालयांतून संगणक शिकणारी मुले परक्या संग्रहांवर प्रकल्प करतात. त्यांनी एक सुट्टी पाटनगढात काढावी. चित्रकारांच्या संमतीने, त्यांना योग्य मोबदला देऊन, प्रत्येक चित्राची नावे व कथा त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच बोलीत टिपून घ्याव्यात. आणि तक्ता आखताना नावासाठी एकाहून अधिक रकाने ठेवावेत.