रोवलेली माणसं, उपटलेली माणसं

या आठवड्यात एका मराठी वृत्तवाहिनीवर ग्रीनलंडविषयी तासभर चर्चा झाली. दुर्मिळ खनिजं, क्षेपणास्त्रांचे मार्ग, रशियन पाणबुड्या, बर्फ वितळल्यावर खुले होणारे जलमार्ग, सगळ्यांवर बोलून झालं. मग एका तज्ज्ञांनी शांतपणे सांगितलं की हा जवळजवळ रिकामा भूभाग आहे, तेव्हा तो कुणाकडे जातो हा शेवटी ताकदीचाच प्रश्न. समोर बसलेल्यांपैकी एकानेही त्यांना अडवलं नाही. मला त्या वाक्याचा राग आला आणि लिहायला बसेपर्यंत तो उतरलेला नाही.

नॉर्वेतल्या फोसेनच्या पवनचक्क्या आणि तिथल्या मूलनिवासी सामींच्या रेनडिअरवर लिहिलं तेव्हापासून माझा हट्ट वाचकांना ठाऊक आहे. कुणी जमीन रिकामी आहे म्हटलं की मी तिथून कोण गेलं, कधी गेलं आणि कुणाच्या हुकमाने गेलं ते शोधायला लागतो. ग्रीनलंडच्या बाबतीत फार शोधावं लागत नाही. साल १९५३.

ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावर, ७६ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर, उम्माननाक नावाची वस्ती होती. क्नूड रासमुसेनने १९१० साली आपलं थूले हे व्यापारी ठाणं इथेच थाटलं. इथले इनुइट स्वतःला इनुघुइट म्हणवतात. वॉलरस, नारव्हाल, कोल्हे, समुद्रपक्षी यांच्या शिकारीवर जगणारी ही माणसं. १९५१ साली डेन्मार्क आणि अमेरिका यांच्यात संरक्षण करार झाला आणि शेजारीच प्रचंड हवाई तळ उभा राहू लागला. ज्यांच्या शिकारीच्या जागेत तो उभा राहिला, त्यांना कुणी विचारलं नाही. दोन वर्षांनी विमानविरोधी तोफांसाठी आणखी जागा हवी झाली आणि मे १९५३ मध्ये वस्तीला निघायला सांगण्यात आलं. मुदत मोजक्या दिवसांची. २७ कुटुंबं, ११६ माणसं, कुत्र्यांच्या स्लेजगाड्या जोडून शंभरेक किलोमीटर उत्तरेला कानाकच्या वाटेला लागली. तिथली घरं बांधून झाली नव्हती, त्यामुळे उन्हाळा तंबूंत काढावा लागला. ५ जून १९५३ रोजी डेन्मार्कची नवी राज्यघटना आली आणि तिने ग्रीनलंडचा वसाहतीचा दर्जा संपवला. म्हणजे डेन्मार्कचे समान नागरिक होण्याच्या अगदी तोंडावर या लोकांचं गाव गेलं.

आता त्याच अक्षांशावर पश्चिमेला चला. बॅफिन उपसागर ओलांडला की साडेतीनशे-चारशे किलोमीटरवर कॅनडाचं एल्समेअर बेट लागतं. त्याच १९५३ च्या उन्हाळ्यात कॅनडाचं सरकार तिथे माणसं आणत होतं. ‘सी. डी. हाऊ’ या जहाजावर क्वेबेकच्या उत्तरेकडच्या इनुकजुआक गावातली इनुइट कुटुंबं चढवली, पाँड इनलेटहून आणखी काही त्यांच्या मदतीला घेतली, आणि सुमारे दोन हजार किलोमीटरवर उत्तरेला नेऊन सोडलं. काही एल्समेअरवर, पुढे ग्रीस फियोर्ड म्हणून वसलेल्या ठिकाणाजवळ, काही कॉर्नवॉलिस बेटावर रेझोल्यूटला. १९५५ साली आणखी कुटुंबं पाठवली. सगळी मिळून नव्वदच्या आसपास माणसं. आपल्याला वेगवेगळ्या ठिकाणी उतरवणार आहेत, हे लोकांना जहाजावर असताना कळलं. आवडलं नाही तर दोन वर्षांनी परत आणू, हे वचन कधी पाळलं गेलं नाही.

इनुकजुआकमध्ये हिवाळ्यातही रोज सूर्य उगवतो. ग्रीस फियोर्डला तो तीन महिन्यांहून जास्त काळ दिसत नाही. पक्षी, मासे, कॅरिबू आणि रानातली फळं यांवर वाढलेली माणसं, पहिला हिवाळा तंबूत, शिकारीच्या जागा अनोळखी, आणि समोर चरणारे मस्क-ऑक्स मारायला कायद्याने बंदी. हे तेच इनुकजुआक, ज्याच्या परिसरात रॉबर्ट फ्लाहर्टीने ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ चित्रित केला. १९२२ साली तो चित्रपट जगभर गाजला. फ्लाहर्टीला तिथल्या इनुइट स्त्रीपासून झालेला मुलगा जोसेफी १९५५ च्या तुकडीत ग्रीस फियोर्डला पाठवला गेला. चित्रपटाचं कौतुक करणाऱ्या लेखांत हा मुलगा क्वचितच भेटतो, याचं मला वाईट वाटतं.

एका सरकारला जमीन आपली आहे याचा पुरावा म्हणून माणसं हवी होती, दुसऱ्याला मित्रराष्ट्राच्या तोफांसाठी माणसं नको होती. एकाने ती झेंड्याच्या काठीसारखी रोवली, दुसऱ्याने उपटली. कॅनडा अनेक वर्षं सांगत राहिला की इनुकजुआकला शिकार कमी पडत होती, हे लोकांच्या भल्यासाठी केलं. १९९४ साली कॅनडाच्याच शाही आयोगाने मात्र या स्थलांतरामागे सार्वभौमत्वाचाही विचार होता, असा निष्कर्ष काढला.

मला सर्वांत जास्त बोचते ती याआधीची गोष्ट. इनुघुइट शिकारी पिढ्यान्‌पिढ्या गोठलेली सामुद्रधुनी ओलांडून एल्समेअरवर जात, मस्क-ऑक्स मारून परत येत. ते बेट हिवाळ्यात कसं वागतं हे कुणाला माहीत असेल तर त्यांना. १९२० च्या सुमारास कॅनडाने या शिकारीवर आक्षेप घेतला आणि १९२२ साली बेटावर क्रेग हार्बरला पोलिस ठाणं उघडलं. ज्यांना बेट ठाऊक होतं त्यांना परके ठरवलं, आणि तीस वर्षांनी ज्यांनी ते कधी पाहिलंही नव्हतं त्यांना त्याच क्रेग हार्बरच्या किनाऱ्यावर आणून उतरवलं. मधली सीमारेषा ओटावा आणि कोपनहेगनची होती. या दोन्ही बाजूंच्या लोकांनी ती कधी मागितली नव्हती.

कागदोपत्री दोन्हीकडे सगळं राजीखुशीने झालं होतं. डेन्मार्कने ते अनेक दशकं सांगितलं, कॅनडानेही. ज्याच्या हातात सरकारी मदतीच्या नाड्या आहेत असा पोलिस तंबूत येऊन ‘जाणार का?’ असं विचारतो, तेव्हा नाही म्हणायला किती जागा उरते? आयोगापुढे वृद्धांनी हेच सांगितलं.

कॅनडाने १९९६ साली एक कोटी डॉलरचा निधी दिला, पण माफी मागायला २०१० चा ऑगस्ट उजाडला. डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी १९९९ साली माफी मागितली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली वस्तीला पाच लाख क्रोनर आणि माणशी १५ किंवा २५ हजार क्रोनर एवढी भरपाई कायम ठेवली, परतीचा हक्क नाकारला, आणि इनुघुइट हा वेगळा मूलनिवासी समाज मानायलाही नकार दिला. माझी खात्री आहे की सरकारं अशा वेळी म्हातारी माणसं कमी होण्याची वाट पाहतात. याचा पुरावा माझ्या हातात नाही, पण तारखा बघा. १९६० च्या दशकात ग्रीनलंडमधल्या हजारो स्त्रियांना आणि मुलींना, अनेकींना न विचारता, गर्भनिरोधक साधनं बसवली गेली. त्याबद्दलची डेन्मार्कची माफीही २०२५ साली आली.

म्हणून परवाच्या चर्चेत जे एकदाही आलं नाही, ते इथे लिहितो. २००९ च्या स्वशासन कायद्याने ग्रीनलंडच्या लोकांना आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार स्वयंनिर्णयाचा हक्क असलेला समाज म्हणून मान्यता दिली आहे. स्वातंत्र्याचा निर्णय सार्वमताने तेच घेऊ शकतात. जानेवारी २०२५ च्या जनमत चाचणीत ८५ टक्क्यांनी अमेरिकेचा भाग व्हायला नको म्हटलं. १९५१ चा तो तळ आज पिटुफिक या नावाने अमेरिकेच्याच हाती आहे. त्याच्याविषयी वॉशिंग्टनमध्ये किंवा कोपनहेगनमध्ये जी काही बोलणी होतील, त्यांत ग्रीनलंडच्या राजधानीतल्या, नूकच्या सरकारला खुर्ची हवीच, आणि कानाकच्या लोकांनाही हवी. ग्रीनलंड आणि एल्समेअर यांच्यामधल्या हान्स बेटाचा तंटा कॅनडा आणि डेन्मार्कने २०२२ साली मिटवला, तेव्हा दोन्हीकडच्या इनुइटांना तिथे जाण्यायेण्याची आणि शिकारीची मुभा करारात राखून ठेवली गेली. तेव्हा जे जमलं, ते आता टाळायला कुणाकडेच सबब नाही.